विंडोज आणि लिनक्स ड्युअल बूट

ड्युअल बूट म्हणजे एकाच संगणकावर दोन स्वतंत्र संचालन प्रणाली बसवून, संगणक सुरू करताना त्यांपैकी हवी ती निवडता येण्याची व्यवस्था होय. संचालन प्रणाली ही ऑपरेटिंग सिस्टीम या नावानेही ओळखली जाते. विंडोज आणि लिनक्स ही या व्यवस्थेतील सर्वांत परिचित जोडी आहे. दोन्ही प्रणाली एकाच यंत्राचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क वापरतात. मात्र त्या आळीपाळीने चालतात. एकीतून दुसरीत जाण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

विशिष्ट सॉफ्टवेअरसाठी विंडोज राखून ठेवायचे आणि वैयक्तिक पत्रव्यवहार, लेखन व आर्थिक कामे लिनक्सवर करायची, अशी विभागणी खासगीपणा जपण्याच्या हेतूने केली जाते. केवळ दोन प्रणाली बसवल्याने हा हेतू साध्य होत नाही. जी प्रणाली चालू असते तिला संपूर्ण डिस्क उपलब्ध असते आणि त्या वेळी बंद असलेली दुसरी प्रणाली स्वतःच्या विभागाचे रक्षण करू शकत नाही. म्हणून दोन्ही विभागांचे एनक्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात माहिती साठवणे, हा खासगीपणासाठी केलेल्या ड्युअल बूटचा मूलाधार आहे.

## पार्श्वभूमी

विंडोज ही मायक्रोसॉफ्ट कंपनीची मालकीची प्रणाली असून तिचा स्रोत सर्वांसाठी खुला नाही. लिनक्स हा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात विद्यार्थी असताना सुरू केलेला मुक्त स्रोत प्रकल्प आहे. लिनक्सचा गाभा आणि इतर मुक्त सॉफ्टवेअर एकत्र करून तयार केलेल्या संचाला वितरण म्हणतात. डेबियन, उबंटू, फेडोरा आणि लिनक्स मिंट ही त्यांतील प्रसिद्ध वितरणे होत.

२०१५ मध्ये विंडोज १० प्रसिद्ध झाल्यानंतर, प्रणालीच्या वापराविषयीची माहिती मायक्रोसॉफ्टकडे पाठवणाऱ्या टेलिमेट्री या यंत्रणेवर मोठी चर्चा झाली. फ्रान्समधील माहिती संरक्षण आयोगाने जुलै २०१६ मध्ये कंपनीला जाहीर नोटीस दिली. विंडोज १० गरजेपेक्षा अधिक माहिती गोळा करते, हा त्यातील एक आक्षेप होता. कंपनीने बदल केल्यावर जून २०१७ मध्ये आयोगाने ते प्रकरण बंद केले. सध्याच्या विंडोजमध्ये निदानविषयक माहितीचे ‘आवश्यक’ आणि ‘ऐच्छिक’ असे दोन गट आहेत. ऐच्छिक माहिती पाठवणे थांबवता येते. घरगुती आवृत्तीत आवश्यक माहितीचे प्रेषण नेहमीच्या सेटिंगमधून पूर्णतः बंद करता येत नाही.

मे २०२४ मध्ये जाहीर झालेली ‘रिकॉल’ ही सुविधा पडद्यावरील दृश्ये वेळोवेळी साठवून नंतर त्यांत शोध घेऊ देणारी होती. सुरक्षातज्ज्ञांच्या टीकेनंतर ती लांबणीवर पडली आणि एप्रिल २०२५ मध्ये, वापरकर्त्याने संमती दिल्यासच सुरू होईल अशा स्वरूपात, निवडक नव्या संगणकांवर उपलब्ध झाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित पाठराखण संपली. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप वा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेल्या संगणकांच्या मालकांपुढे त्यामुळे लिनक्सचा पर्याय ठळकपणे आला.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. कायद्याने मिळणारे संरक्षण आणि स्वतःच्या संगणकावर करायची तांत्रिक तजवीज ही परस्परपूरक आहेत.

विंडोज पूर्णपणे न सोडण्यामागे बहुधा व्यावहारिक कारण असते. हिशेबाची काही सॉफ्टवेअरे, काही छपाईयंत्रे व स्कॅनर यांची पूरक सॉफ्टवेअरे केवळ विंडोजवर चालतात. मराठी अक्षरजुळणीच्या व्यवसायात श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअरे आणि युनिकोडपूर्व फॉन्टांत केलेल्या जुन्या फायलींचे साठे आजही आहेत. अशी फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्यास देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात.

## कार्यपद्धती

संगणक सुरू होताच प्रथम फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेले सॉफ्टवेअर, काम करू लागते. ते डिस्कवरील बूटलोडर शोधून त्याच्या हाती सूत्रे देते आणि बूटलोडर संचालन प्रणालीचा गाभा मेमरीत आणतो.

जुन्या संगणकांत हे काम बायोस करीत असे. बायोस डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या खंडातील आज्ञा चालवत असे. याच खंडात डिस्कच्या विभागांचा तक्ता असे आणि त्यात चारच मुख्य विभागांची नोंद मावत असे. या पद्धतीत बूटलोडरला एकच जागा असल्याने नंतर बसवलेली प्रणाली आधीचा बूटलोडर पुसून टाकत असे. आधी विंडोज व मग लिनक्स बसवावे, हा प्रघात त्यातूनच पडला. सुरुवातीच्या काळात लिलो आणि पुढे ग्रब हे लिनक्सचे प्रचलित बूटलोडर ठरले. ग्रबचा आरंभ १९९५ मध्ये झाला.

आता बायोसची जागा युईएफआय या फर्मवेअरने घेतली आहे. तिच्यासोबत जीपीटी हा विभागतक्ता वापरला जातो. त्यात सामान्यतः १२८ विभागांची सोय असते. डिस्कवर ‘ईएफआय सिस्टीम पार्टिशन’ नावाचा एक छोटा विभाग असतो आणि त्यात प्रत्येक प्रणाली आपल्या बूटलोडरसाठी स्वतंत्र फोल्डर ठेवते. त्यामुळे दोन बूटलोडर शेजारी शेजारी राहू शकतात. ग्रबच्या यादीतून किंवा फर्मवेअरच्या निवडपटलातून हवी ती प्रणाली सुरू करता येते.

‘सिक्युअर बूट’ ही युईएफआयची सुविधा विंडोज ८ च्या काळापासून, म्हणजे २०१२ पासून, बहुतेक नव्या संगणकांत चालू स्थितीत मिळते. ओळखीची डिजिटल स्वाक्षरी असलेला बूटलोडरच ती चालू देते. प्रमुख लिनक्स वितरणांचा ‘शिम’ हा प्रारंभिक बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या स्वाक्षरीचा असल्याने ही सुविधा बंद न करताही ती वितरणे बसवता येतात.

## खासगीपणाच्या दृष्टीने उपयोग आणि मर्यादा

### साध्य होणाऱ्या गोष्टी

लिनक्स चालू असताना विंडोजची कोणतीही सेवा चालत नसते. त्या वेळात टंकलेले शब्द, उघडलेल्या फायली किंवा वापरलेली सॉफ्टवेअरे यांची नोंद विंडोजच्या टेलिमेट्रीत जात नाही. विंडोजच्या चालू सत्रात शिरलेले सामान्य हेरगिरीचे सॉफ्टवेअरही त्या वेळी निष्क्रिय असते. शिवाय लिनक्सचा स्रोत खुला असल्याने ते कोणती माहिती बाहेर पाठवते याची तपासणी जाणकारांना करता येते.

मुक्त स्रोत म्हणजे खासगीपणाची हमी, असा अर्थ मात्र निघत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या उबंटू १२.१० मध्ये, वापरकर्त्याने स्वतःच्या संगणकावर केलेला शोध बाहेर पाठवून ॲमेझॉनवरील वस्तू दाखवण्याची सोय आपोआप चालू असे. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांच्यासह अनेकांनी तिच्यावर टीका केली. उबंटू १६.०४ पासून ती मूळ स्थितीत बंद ठेवण्यात आली.

### साध्य न होणाऱ्या गोष्टी

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये लिनक्सचा विभाग दिसत नाही. त्यावरून तो सुरक्षित आहे असा समज होतो. वस्तुतः विंडोजला लिनक्सची एक्सटी४ ही फाइलरचना परिचित नसल्याने तो दिसत नाही. प्रशासकाचे अधिकार मिळालेले सॉफ्टवेअर डिस्कवरील ते बाइट थेट वाचू शकते. उलट दिशेने तर हे आणखी सोपे आहे. विंडोजची एनटीएफएस ही फाइलरचना लिनक्स वाचू व लिहू शकत असल्याने, एनक्रिप्शन नसल्यास विंडोजमधील दस्तऐवज विंडोजच्या पासवर्डशिवाय उघडता येतात. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करणाऱ्या कोणत्याही परक्या व्यक्तीलाही हे शक्य असते.

बूटलोडर ठेवलेला ईएफआय विभाग दोन्ही प्रणालींना सामाईक असतो आणि तो एनक्रिप्ट केलेला नसतो. एका प्रणालीत शिरलेले घातक सॉफ्टवेअर तेथे फेरफार करू शकते. सिक्युअर बूट चालू ठेवल्याने हा धोका कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

इंटरनेटवरील ओळखही प्रणाली बदलल्याने लपत नाही. घरच्या जोडणीचा आयपी पत्ता तोच राहतो आणि सेवा पुरवणारी कंपनी दोन्ही प्रणालींमधील वाहतूक सारखीच पाहू शकते. दोन्हीकडे एकाच खात्याने ब्राउझरमध्ये प्रवेश केला आणि समक्रमण चालू ठेवले, तर पासवर्ड, वाचनाचा इतिहास आणि खुणा केलेली पाने दोन्हीकडे एक होतात. अशा वेळी प्रणालींची विभागणी नावापुरतीच उरते.

### एनक्रिप्शन

लिनक्समध्ये विभागाच्या एनक्रिप्शनसाठी लक्स ही पद्धत प्रमाण मानली जाते. विंडोजच्या प्रो व त्यावरील आवृत्त्यांत बिटलॉकर असते, तर अनेक संगणकांवर घरगुती आवृत्तीतही ‘डिव्हाइस एनक्रिप्शन’ या नावाने त्याचे सोपे रूप मिळते. मायक्रोसॉफ्टचे खाते वापरून विंडोज ११ सुरू केल्यास हे एनक्रिप्शन अनेकदा वापरकर्त्याच्या नकळत चालू होते आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्या ऑनलाइन खात्यात साठवली जाते. ही किल्ली हरवल्यास माहिती परत मिळण्याची सोय राहते. त्याचबरोबर किल्लीची एक प्रत कंपनीकडेही असते.

लक्सच्या बाबतीत अशी कोणतीही मध्यस्थ संस्था नसते. परवलीचा शब्द विसरल्यास, किंवा विभागाच्या आरंभी असलेला लक्सचा मथळा खराब झाल्यास, त्या विभागातील माहिती कायमची नष्ट झाल्यासारखीच असते. म्हणून शब्द सुरक्षित ठिकाणी लिहून ठेवणे, मथळ्याची प्रत आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या एनक्रिप्ट केलेल्या डिस्कवर ठेवणे आवश्यक ठरते.

एनक्रिप्शन बंद संगणकाचे रक्षण करते. संगणक चालू असताना वा स्लीप अवस्थेत असताना किल्ली मेमरीत असते, त्यामुळे प्रवासात संगणक पूर्णपणे बंद करणे अधिक सुरक्षित असते.

## पूर्वतयारी

विभागांची मोडतोड करताना चूक झाल्यास डिस्कवरील सर्व माहिती जाऊ शकते. त्यामुळे पुढील तयारी स्थापनेपूर्वी केली जाते.

१. सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरील डिस्कवर घेऊन ती उघडते का, हे तपासणे.

२. बिटलॉकर वा डिव्हाइस एनक्रिप्शन चालू असल्यास रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवणे आणि बदल करीत असताना संरक्षण तात्पुरते स्थगित करणे. फर्मवेअर किंवा बूटलोडर बदलल्याचे टीपीएमच्या लक्षात आल्यास विंडोज ही किल्ली मागते.

३. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करणे. ही सुविधा चालू असताना ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर अर्धनिद्रित राहतो. त्या स्थितीत लिनक्समधून विंडोजच्या विभागात लिहिल्यास फायली खराब होऊ शकतात.

४. विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ वापरून विंडोजचा विभाग आकसवणे व लिनक्ससाठी जागा मोकळी करणे. उबंटूसाठी किमान २५ जीबी जागेची शिफारस आहे; दैनंदिन वापरासाठी त्याहून अधिक जागा सोयीची ठरते.

५. वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवणे आणि तेथे दिलेल्या एसएचए-२५६ या मूल्याशी ती पडताळणे. भेसळ केलेल्या फाइलीवरून बसवलेली प्रणाली खासगीपणाचा पायाच काढून घेते.

६. रुफससारख्या साधनाने ती फाइल पेन ड्राइव्हवर उतरवणे. पेन ड्राइव्हवरील आधीची माहिती यात पुसली जाते.

## स्थापना

पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यास बहुतेक वितरणे काहीही न बसवता वापरून पाहता येतात. या वेळी वाय-फाय, ध्वनी, कॅमेरा आणि छपाईयंत्र चालते का, हे तपासले जाते. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर फर्मवेअरमधील इंटेलची आरएसटी ही साठवण व्यवस्था हे त्याचे एक नेहमीचे कारण असते. ती थेट बदलल्यास विंडोज सुरू होणे थांबू शकते. त्यासाठी विंडोजमध्ये आधी तयारी करावी लागते.

इन्स्टॉलरमध्ये ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडल्यास विंडोज आणि त्यातील सर्व फायली जातात. ड्युअल बूटसाठी केवळ मोकळी केलेली जागा वापरायची असते. काही इन्स्टॉलरांत एनक्रिप्शनचा सोपा पर्याय संपूर्ण डिस्क वापरतानाच मिळतो. तसे असल्यास विभाग स्वहस्ते आखून मुख्य विभागासाठी लक्स निवडावे लागते. मेमरी अपुरी पडल्यास तिच्यातील मजकूर स्वॅपमध्ये उतरतो, म्हणून स्वॅपची जागाही एनक्रिप्शनच्या आत ठेवली जाते. जुना ईएफआय विभाग तसाच वापरायचा असतो. तो फॉरमॅट केल्यास विंडोजचा बूटलोडर नाहीसा होतो.

परवलीचा शब्द ठरवताना एक बारकावा महत्त्वाचा आहे. लक्सचा शब्द प्रणाली पूर्ण सुरू होण्यापूर्वी विचारला जातो आणि त्या टप्प्यावर देवनागरी कळफलक सहसा उपलब्ध नसतो. त्यामुळे शब्द रोमन अक्षरे व अंक यांचाच असावा लागतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा मराठी शब्दांचे रोमन रूप लक्षात ठेवण्यास सोपे आणि ओळखण्यास कठीण असते.

## स्थापनेनंतरच्या अडचणी

ग्रबच्या यादीत विंडोज न दिसणे ही नेहमीची तक्रार आहे. ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधण्याची सोय मूळ स्थितीत बंद असते. काही वितरणे ती स्वतः चालू करतात, इतरत्र ती चालू करावी लागते. विंडोजवर बिटलॉकर असल्यास ते ग्रबऐवजी फर्मवेअरच्या निवडपटलातून सुरू केल्याने रिकव्हरी की मागितली जाण्याचे प्रसंग टळतात.

घड्याळातील फरक भारतात विशेष जाणवतो. मदरबोर्डवरील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेल्यास घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. दोहोंपैकी एका प्रणालीची पद्धत बदलून हा फरक दूर करता येतो.

विंडोजच्या अद्यतनांमुळेही व्यत्यय येऊ शकतो. १३ ऑगस्ट २०२४ च्या सुरक्षा अद्यतनाने ग्रबच्या जुन्या, सदोष आवृत्त्यांना सिक्युअर बूटमध्ये मज्जाव केला. ड्युअल बूट असलेल्या संगणकांना हा बदल लागू करायचा नव्हता. तरी तो अनेकांवर लागू झाला आणि त्यांचे लिनक्स सुरू होईनासे झाले. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये हा दोष पूर्णपणे दूर केला. लिनक्सची अद्यतने वेळच्या वेळी करणे आणि स्थापनेसाठी वापरलेला पेन ड्राइव्ह जपून ठेवणे अशा प्रसंगी उपयोगी पडते.

दोन्ही प्रणालींत लागणाऱ्या फायलींसाठी तिसरा सामाईक विभाग ठेवण्याची पद्धत आहे. साधा ठेवल्यास तो दोन्ही कुलपांच्या बाहेर असतो. व्हेराक्रिप्ट हे मुक्त स्रोत साधन दोन्ही प्रणालींवर चालत असल्याने सामाईक फायली त्याने एनक्रिप्ट करता येतात. तरी विंडोजपासून दूर ठेवायची फाइल विंडोज चालू असताना उघडू नये, हे त्यात गृहीत आहे.

## पर्याय

दोन प्रणाली दोन वेगळ्या डिस्कवर बसवल्यास विभागांच्या मोडतोडीचा धोका टळतो आणि लिनक्सचे एनक्रिप्शन सोपे होते. लिनक्समध्ये आभासी संगणक निर्माण करून त्यात विंडोज चालवल्यास संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही आणि विंडोजला लिनक्सच्या फायली दिसत नाहीत. मात्र त्यासाठी मेमरी अधिक लागते. आभासी संगणक विंडोजच्या आत असल्यास उलट स्थिती होते, कारण तेव्हा लिनक्समधील सर्व व्यवहार विंडोजच्या नजरेखालून जातात. टेल्स हे वितरण पेन ड्राइव्हवरून चालते, सर्व वाहतूक टॉर या जाळ्यातून पाठवते आणि संगणक बंद होताच सत्राच्या खुणा मागे ठेवत नाही. इंटरनेटवरील ओळख लपवणे हा मुख्य हेतू असल्यास ड्युअल बूटपेक्षा ते अधिक योग्य ठरते.

## मराठीतून वापर

लिनक्सच्या प्रमुख वितरणांत मराठी भाषा निवडता येते. अनुवादाची पूर्णता वितरणानुसार कमी-अधिक असते. आयबस या व्यवस्थेतून इनस्क्रिप्ट आणि ध्वन्यात्मक असे दोन्ही प्रकारचे मराठी कळफलक मिळतात. लोहित देवनागरी हा युनिकोड फॉन्ट अनेक वितरणांसोबत उपलब्ध असतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारलेले ‘बॉस’ हे भारतीय वितरण २००७ मध्ये प्रसिद्ध केले असून त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. युनिकोडमध्ये लिहिलेला मराठी मजकूर दोन्ही प्रणालींत सारखाच वाचता येतो. जुने दस्तऐवज क्रमाने युनिकोडमध्ये आणल्यास विंडोजवरील अवलंबन कमी होते.